नव्या गव्याची पूर्वकल्पना

कंपनीनं नवा ‘गवा’ बाजारात आणला, आणि त्याच्या आठ दिवस आधी शोरूमला पाच पानांचं पत्र पाठवलं. पत्रात गाडीबद्दल अर्धं पान होतं, गिऱ्हाइकांबद्दल साडेचार. विषय होता, ‘ग्राहकांच्या अपेक्षांचे व्यवस्थापन’.

होटगी रोडवरच्या शोरूममध्ये सेल्स मॅनेजर उदयसिंहांनी ते पत्र सगळ्यांना उभं करून वाचून दाखवलं. उदयसिंह मूळचे वेळापूरचे. साधी हजेरी घेतली तरी कुणाला तरी कामावरून काढताहेत असं वाटावं, असा त्यांचा आवाज. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

“ध्यानात आलं का? जुना गवा होता रानात फिरणाऱ्या माणसाचा. नवा हाय, आपण रानात फिरतो असं वाटून घेणाऱ्या माणसाचा. तवा गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवायचं, गाडीकडनं लई मागू नका.”

मागच्या रांगेतून नंदीश हत्तुरेनं विचारलं, “म्हंजे साहेब, अपेक्षा कमी करायच्या.”

“व्हय.”

“आणि बुकिंगचं टारगेट?”

“ते दुप्पट केलंय,” उदयसिंह म्हणाले आणि पत्राची घडी घातली.

नंदीश त्या शोरूममध्ये सोळा वर्षं गाड्या विकत होता. दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोट तालुक्यातल्या रानावनात जेवढे जुने गवे फिरत होते, त्यातले निम्मे त्यानं विकलेले. त्याची विकायची तऱ्हा उलटी होती. गिऱ्हाईक आलं की तो आधी गाडीची खोड सांगायचा. सीट कडक आहे, पाठ धरेल. उन्हाळ्यात इंजिनाची धग पायाला लागेल. गिऱ्हाईक तयारीनं घरी जायचं. महिन्याभरानं त्याच्या लक्षात यायचं, की पाठ काही धरली नाही, धगही सोसण्याइतकी आहे, आणि मांडीभर पाण्यातून गाडी म्हशीसारखी निवांत चालते. मग ते आपल्या मेहुण्याला घेऊन नंदीशकडे यायचं.

नवा गवा शोरूममध्ये उतरला त्या दिवशी नंदीशनं त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. लोखंडी बंपर गेला होता. हातानं फिरवायच्या काचा गेल्या होत्या. जुन्या गाडीची आतली जमीन पाइप लावून धुता यायची, तिथं आता मऊ गालिचा होता. छताला सरकती काच होती. समोर टीव्हीएवढा पडदा होता आणि पडद्याच्या आत कुठंतरी एक बाई होती, ती शुद्ध मराठीत बोलायची. माहितीपुस्तकाच्या मुखपृष्ठावर गाडी दोन्ही बाजूंनी पाण्याचे फवारे उडवत नदीतून चालली होती. शेवटच्या पानावर, मुंगीच्या अक्षरात, पाण्याची मर्यादा दिली होती. नंदीशनं पट्टी आणून मोजली. पोटरीच्या खालीच संपली.

त्याच आठवड्यात महानंदाआक्का आल्या.

महानंदा कलशेट्टी अक्कलकोटच्या पुढच्या, कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या एका गावच्या. पण गाव ओढ्याच्या अलीकडे आणि त्यांची वस्ती पलीकडे. वस्तीवरच्या अकरा घरांचं दूध रोज सकाळी ओढा ओलांडून डेअरीला न्यायचं काम आक्कांचं. इरकल नेसून, पदर खोचून त्या स्वतः गवा चालवायच्या. दहा वर्षांपूर्वी नंदीशनंच तो विकला होता. तीन वर्षांमागे त्यांचे यजमान कल्लप्पा यांना रानात पान लागलं, नाग चावला, तेव्हा ओढ्याला पूर होता. आक्कांनी त्यांना मागच्या सीटवर आडवं टाकलं आणि गाडी पाण्यात घातली. कल्लप्पा वाचले. तेव्हापासून त्यांचं बोलणं कमी झालं होतं, आणि आक्कांचा नंदीशवरचा विश्वास वाढला होता.

“जुनी आता लई खर्च काढलालीय,” आक्का म्हणाल्या. “ती घे आणि नवी दे. नवीन जास्त ताकदीची असंल की.”

“आक्का, बसा आधी. चहा घ्या.” नंदीशनं खुर्ची ओढली. “खरं सांगू का? ही गाडी तुमच्यासाठी न्हाय.”

आक्का हसल्या. “झालं तुझं सुरू.”

“पाण्यात चालत न्हाय आक्का. पोटरीएवढं पाणी आलं की संपलं.”

“मागच्या वेळी काय म्हणालास? पाठ मोडंल म्हणालास. मोडली का?”

“न्हाय, पण या वेळी खरं सांगतोय.”

“मग मागच्या वेळी खोटं सांगितलास काय?”

नंदीशनं आक्कांसोबत आलेल्या कल्लप्पांकडे पाहिलं. कल्लप्पा माहितीपुस्तकातल्या फवाऱ्यांकडे बघत होते.

त्यानं गालिचा दाखवला, चिखल निघणार नाही म्हणाला. छताची काच दाखवली, धूळ आत येईल, कामाची नाही म्हणाला. पडद्यातल्या बाईला बोलतं केलं. ती म्हणाली, “नमस्कार. मी आपली काय सेवा करू?” आक्कांनी पदर सावरून नमस्कार केला. नंदीश एकेक दोष सांगत गेला, तशी आक्कांच्या तोंडावरची खुशी वाढत गेली. इतके दोष सांगतोय, म्हणजे गाडी किती चांगली असेल, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

शेवटी नंदीशला वाटलं, तोंडी सांगून उपयोग नाही. माणूस तोंडी विसरतो, कागदाला भितो. त्यानं आत जाऊन शोरूमच्या छापील कागदावर स्वतः मजकूर टाइप केला. वर लिहिलं, ‘पूर्वकल्पना पत्र’. खाली अकरा कलमं. पहिलंच कलम, ‘सदर वाहन ओढा, नाला, नदी इत्यादी ठिकाणी नेण्यास योग्य नाही.’ शेवटी, ‘वरील सर्व बाबींची मला पूर्ण कल्पना देण्यात आली आहे.’ वाचून आक्का घाबरतील आणि जुनीच गाडी दुरुस्त करून घेतील, एवढाच त्याचा बेत होता.

आक्कांनी बोट फिरवत सगळं वाचलं. त्या सातवीपर्यंत शिकल्या होत्या. वाचून त्यांनी पेन मागितलं.

“सही कुटं करू?”

“आक्का, वाचलंत ना?”

“वाचलं की. तू लिहिलास म्हंजे आमच्या चांगल्यासाठीच असंल.”

आणि त्यांनी सही केली. अक्षर मोठं, स्वच्छ, वळणदार होतं.

संध्याकाळी तो कागद उदयसिंहांच्या हाती लागला. “हे काय लिहून ठेवलंस बे? गाडी विकतोस का पळवून लावतोस?” असं म्हणत ते खाली वाचत गेले. सहीपाशी आल्यावर थांबले. पुन्हा वरपासून वाचलं. मग त्यांनी तो कागद दोन बोटांत असा धरला, जसा सोनार दागिना धरतो, आणि झेरॉक्सला पाठवला.

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक गिऱ्हाइकाची त्यावर सही घेणं सुरू झालं. आणि बुकिंग वाढायला लागलं. तालुक्यात बातमी पसरली होती, की नंदीश नव्या गव्याला लई नावं ठेवतोय, आता तर लेखी ठेवतोय. तेव्हा गाडी काहीतरी जबर असणार. पंधरा दिवसांत दुप्पट टारगेट पुरं झालं. उदयसिंहांनी नंदीशची पाठ थोपटली. नंदीशला त्या रात्री जेवण गेलं नाही.

त्याला एकच गोष्ट जमली. आक्कांच्या करारात जुनी गाडी नवी देतानाच शोरूमला जमा करायची होती. नंदीशनं उदयसिंहांना सांगितलं, की जुन्या गाडीच्या कागदात त्रुटी आहे, आठवडाभर ती तिथंच राहू दे. सोळा वर्षांत तो शोरूमशी पहिल्यांदाच खोटं बोलला. बोलल्यावर त्याला बरं वाटलं.

गाडी द्यायला तो स्वतः गेला. नुकताच आश्विन लागला होता, ओढा गुडघ्याच्या वर चालला होता. गावाच्या बाजूला झेंडूचा हार, नारळ, चाकाखाली लिंबू, सगळी तयारी होती. पलीकडच्या काठावर वस्तीवरच्या बायका आरतीची ताटं घेऊन उभ्या होत्या. त्यांच्यामागे जुना गवा चिखलानं माखलेला उभा होता, सकाळचंच दूध टाकून, आक्का-कल्लप्पांना अलीकडं सोडून परत गेलेला.

“पूजा इथंच करू आक्का,” नंदीश म्हणाला. “गाडी पलीकडं नको.”

“पलीकडं ताटं घेऊन उभ्या हायत की रे बाया.”

“त्यांना अलीकडं बोलवू.”

“लुगडी भिजवून? गाडी असताना?” आक्का स्टिअरिंगवर बसल्या. “बस शेजारी. तू असलास की मला जोर येतो.”

नंदीश बसला. मागं कल्लप्पा मांडीवर पेढ्यांचा पुडा घेऊन बसले. गाडी उतारावरून पाण्यात उतरली. सुरुवातीला सगळं इतकं झकास होतं, की क्षणभर नंदीशलाही वाटलं, आपणच उगाच भितोय. ओढ्याच्या मध्यावर गाडी गेली आणि पडद्यातली बाई बोलली.

“पुढे जलसंचय आढळला आहे.”

“व्हय बाई, ओढा हाय तो,” आक्का म्हणाल्या.

“आपल्या सुरक्षेसाठी वाहन थांबवण्यात येत आहे.”

आणि गाडी थांबली. आक्कांनी बटण दाबलं, पुन्हा दाबलं. इंजिन एकदा खोकलं आणि गप्प झालं.

“अगं पण हितं कशाला थांबवतीस?” आक्का पडद्याला म्हणाल्या. “पलीकडं थांबव की.”

“कृपया जवळच्या अधिकृत सेवा केंद्राशी संपर्क साधा.”

आक्कांनी नंदीशकडे पाहिलं. “ही तुझ्याबद्दल बोललालीय.”

नंदीशनं दार ढकललं. बाहेरून पाण्याचा रेटा होता, दार हललं नाही. काचा उतरेनात. गालिच्यावरून पाणी आत आलं आणि त्याच्या बुटांत शिरलं. दोन्ही काठांवरून लोक ओरडत होते, अलीकडचे “मागं घ्या” म्हणत होते आणि पलीकडचे कानडीत “नडी, नडी” म्हणून पुढं चला सांगत होते. मागच्या सीटवर कल्लप्पांनी पाय वर घेतले, पेढ्यांचा पुडा छातीशी धरला आणि त्या दिवसातलं पहिलं वाक्य बोलले.

“जुन्या गाडीला गालिचा न्हवता.”

काच उघडली ती फक्त छताची. ती कामाची नाही, हे नंदीशनं सातव्या कलमात लिहून दिलं होतं. तिच्यातून आधी पेढे बाहेर आले, मग कल्लप्पा, मग हिरव्या इरकलीतल्या छप्पन्न वर्षांच्या महानंदाआक्का, आणि शेवटी गळ्यात शोरूमचं ओळखपत्र घातलेला नंदीश. तिघं छतावर रांगेनं बसले. खालून बाईचा आवाज येतच होता, “कृपया सीटबेल्ट लावा.”

वस्तीवरच्या बसूनं जुना गवा काढला. तो आरामात पाण्यात उतरला, मागं वळला, बसूनं कासऱ्याचा दोर बांधला आणि नव्याला ओढून काठावर आणलं. बायकांनी आरत्या विझू नयेत म्हणून पदर धरले होते. ओवाळायचं कुणाला हे त्यांना कळेना. शेवटी त्यांनी जुन्यालाच ओवाळलं. एवढं सगळं कुणीतरी मोबाइलवर टिपलं, आणि दुपारपर्यंत ते सोलापुरात, संध्याकाळपर्यंत पुण्यात पोचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नंदीशला पुण्याहून कंपनीच्या वैजयंती मॅडमचा फोन आला. आवाज मऊ होता.

“नंदीशजी, व्हिडिओ आम्ही पाहिला. फार वाईट झालं. मला एवढंच सांगा, ग्राहकाला पूर्वकल्पना दिली होती का?”

नंदीशला हायसं वाटलं. इतक्या दिवसांत गाडीच्या दोषाबद्दल पहिल्यांदाच कुणी आपण होऊन विचारत होतं. “दिली होती मॅडम. लेखी दिली होती. ही गाडी ओढ्यात चालणार न्हाय, असं पहिलंच कलम हाय, म्हंजे आपल्याला पहिल्यापासून ठाऊकच होतं.”

“सही?”

“हाय की. ठळक सही हाय.”

“फोटो पाठवाल का लगेच?”

नंदीशनं लगेच पाठवला. त्याची खात्री होती, की दोष कागदावर कबूल झाला, आता कंपनी गाडी बदलून देणार. निदान इंजिन तरी.

चार दिवसांनी उत्तर आलं. ‘ग्राहकास सदर बाबींची लेखी पूर्वकल्पना असल्याने व ग्राहकाने ती मान्य केलेली असल्याने, झालेले नुकसान वाहनाच्या हमीत बसत नाही.’ सोबत कागदाची प्रत जोडली होती. पहिल्या कलमाखाली कुणीतरी पिवळी रेघ मारली होती.

नंदीश ते घेऊन उदयसिंहांकडे गेला. “साहेब, हा कागद मी त्यांना वाचवायला लिहिला होता.”

“मग? वाचलं की कुणीतरी,” उदयसिंह म्हणाले. हे बोलताना मात्र त्यांनी वर पाहिलं नाही. मग म्हणाले, “आणि ती जुनी गाडी. आठवडा झाला. कराराप्रमाणं आणावी लागंल.”

“साहेब, नवी बंद हाय. जुनी आणली तर दूध कशानं नेतील त्या?”

“वरनं मेल आलाय, नंदीश. जुन्या गव्याला आता लई मागणी हाय. त्या व्हिडिओनं.” त्यांनी कपाळ चोळलं. “तू न्हाय गेलास तर दुसरा कोण जाईल. तो दारात आरडाओरडा करंल. तू नीट बोलशील.”

नंदीश गेला. ओढा थोडा उतरला होता. तो पँट गुंडाळून, बूट हातात घेऊन पलीकडे गेला. नवा गवा गोठ्याच्या कडेला उभा होता, चारही दारं उघडी, आणि त्याचा गालिचा कुंपणावर वाळत घातलेला. आक्कांनी ओसरीवर सतरंजी टाकली, चहा ठेवला. नंदीशनं पत्र वाचून दाखवलं. त्यानं बरंच काही बोलायचं ठरवून आणलं होतं. अर्जाचं, ग्राहक मंचाचं, मी साक्ष देतो याचं. त्यातलं थोडंसं बोलला.

आक्कांनी ऐकून घेतलं. “त्यांचं खोटं न्हाय,” त्या म्हणाल्या. “वाचून सही केलीय की आमी.”

“आक्का, मी तुम्हाला सांगत होतो.”

“व्हय. सांगितलंत तुमी.”

बशीतला चहा नंदीशच्या हातात तसाच राहिला. दहा वर्षांत आक्का त्याला कधी अहोजाहो करून बोलल्या नव्हत्या. त्या आत गेल्या, जुन्या गाडीची किल्ली आणून त्याच्यासमोर सतरंजीवर ठेवली आणि म्हणाल्या, “ब्रेक थोडा उजवीकडं ओढतोय. पुढल्या माणसाला सांगून ठेवा.”

कल्लप्पा गोठ्यातून बघत होते.

नंदीशनं गाडी काढली. पाण्यातून जाताना तिनं एकदाही कुरकुर केली नाही, आणि त्यामुळं त्याला जास्त त्रास झाला. आरशात त्याला बसू आणि दोन बायका दिसल्या. तिघं दुधाच्या किटल्या डोक्यावर घेऊन काठाकडे येत होती. शोरूममध्ये गाडी धुतली, तिला लाल फीत बांधली. तिसऱ्या दिवशी पुण्याचे एक डॉक्टर ती घेऊन गेले. रविवारी फिरायला हवी होती त्यांना.

आक्कांच्या तक्रारीचा अर्ज नंदीशनं स्वतः लिहिला, स्वतः ग्राहक मंचात नेऊन दिला. त्याची पोच आली, तारीख आली नाही. पुढच्या महिन्यात मात्र पुण्याहून दुसरंच पत्र आलं. राज्यभरात नव्या गव्याच्या तक्रारी खूप होत्या, पण सोलापूर शोरूमची एकही तक्रार हमीत बसत नव्हती. कंपनीनं नंदीशचं पूर्वकल्पना पत्र सगळ्या शोरूमना लागू केलं होतं, अकरा कलमांसकट. नंदीशला ‘अपेक्षा व्यवस्थापन’ या विषयाचा प्रशिक्षक नेमलं होतं.

त्यानं नाही म्हणायचं ठरवलं. बायको सिद्धेश्वरी म्हणाली, “न्हाय म्हणून काय करणार? उद्यापासून हितं तेच पत्र पुढं करून सह्या घेणार की.” हे खरं होतं. तो पुण्याला गेला.

वातानुकूलित हॉलमध्ये चाळीस पोरं-पोरी बसली होती, कुणी नाशिकची, कुणी नांदेडची, बहुतेक नोकरीला नुकती लागलेली. वैजयंती मॅडमनी त्याची ओळख करून दिली, शाल दिली, टाळ्या झाल्या. भिंतीवर त्याचा कागद दारापेक्षा मोठा करून दाखवला होता. फक्त खालची सही पुसलेली होती. नंदीशनं अकरा कलमं समजावून सांगितली. बोलताना त्याची नजर सारखी त्या रिकाम्या जागेकडे जात होती.

शेवटी प्रश्न विचारायला सांगितलं. दुसऱ्या रांगेतली ऋतुजा नावाची मुलगी उठली. चेहरा प्रामाणिक होता. पहिल्या दिवसांत असतो तसा.

“सर, मला एक कळलं नाही. गाडीत दोष असेल, तर गिऱ्हाइकाला खरं सांगायचं की नाही सांगायचं?”

वैजयंती मॅडम हसतमुखानं त्याच्याकडे बघत होत्या. नंदीशनं पाण्याचा घोट घेतला, ग्लास खाली ठेवला.

“खरंच सांगायचं,” तो म्हणाला. “सगळं खरं सांगायचं. आणि खाली सही घ्यायची.”

चाळीस जणांनी ते वहीत उतरवून घेतलं.